बिघाड पोराच्या डोक्यात नाही, परतीच्या गाडीत आहे

गेल्या महिनाभरात तीन वेगवेगळ्या पालकांनी इनबॉक्समध्ये एकच विचारणा केली. "सर, मुलगा रेंजवर जबरदस्त मारतो, स्पर्धेत मात्र फुटतो. माइंडसेटचा प्रॉब्लेम आहे. चांगला मेंटल कोच सुचवा." पोरं ११, १२ आणि १४ वर्षांची. तिघांशी फोनवर सविस्तर बोललोय, त्यामुळे इथे कुणाचं गुपित फोडत नाहीये. पण उत्तर सगळ्यांना सारखंच होतं, म्हणून जाहीर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. राग आला तर कमेंटमध्ये या, भांडू.

ज्यांचा गोल्फशी संबंध नाही त्यांनीही वाचा. नाशिककरांना गोल्फ क्लब म्हटलं की सकाळचा जॉगिंग ट्रॅक आणि रणजीचे सामने आठवतात, पुणेकरांना येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातलं ट्रॅफिक. हा आपला खेळ नाही असंच बहुतेकांना वाटतं. पण यात जे चाललंय तेच तुमच्या पोरीच्या बॅडमिंटनमध्ये, पुतण्याच्या बुद्धिबळात आणि शेजारच्या पोराच्या क्रिकेट अकादमीत चाललंय. गोल्फमध्ये ते जास्त उघडं दिसतं एवढंच, कारण इथे लपायला टीम नसते.

तर मुद्दा. "रेंजवर मारतो, स्पर्धेत फुटतो" या वाक्यात माइंडसेटचा काडीचा संबंध नसतो, निदान दहापैकी आठ वेळा तरी. रेंजवर पोरगं काय करतं ते जरा उभं राहून बघा. शंभर चेंडूंची बादली, हातात तोच सेव्हन आयर्न, तोच सपाट मॅट, तीच दिशा. पहिले पंधरा वाकडे जातात, सोळाव्यापासून लय लागते, मग पुढचे ऐंशी सुरेख. बाप मागे उभा राहून व्हिडिओ काढतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो. आता स्पर्धेत काय होतं? पहिल्या टीवर ड्रायव्हर, एकदाच. मग दोनशे मीटर चाला, आधीच्या ग्रुपची वाट बघा. पुढचा फटका उतारावरून, चेंडू पायाच्या पातळीच्या खाली, हातात वेगळाच क्लब, आणि पुन्हा एकदाच. इथे सोळावा चेंडू मिळतच नाही. रेंजवर पोरानं जे कमावलं ती लय होती, खेळ नव्हे. त्याला खेळाचा सराव दिलाच नाही आणि आता म्हणताय डोकं तपासा.

यावर उपाय फुकट आहे. बादलीतले चेंडू शंभराऐवजी चाळीस करा. प्रत्येक चेंडूला क्लब बदला, निशाण बदला, दोन फटक्यांमध्ये मॅटच्या मागे येऊन थांबा. मनातल्या मनात आपल्या कोर्सचे होल खेळा: पहिला ड्रायव्हर, मग जिथे पडला असता तिथून उरलेल्या अंतराचा आयर्न, मग वेज. दिसायला हा सराव अगदी भिकार दिसतो. व्हिडिओ काढण्यासारखं काहीच नसतं. म्हणूनच कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट अपेक्षांची. इथे मला खरंच संताप येतो.

कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरवरच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून हिशेब मांडला. त्यांचं पुस्तक २०१४ साली आलं. त्या हिशेबात जगातले सर्वोत्तम व्यावसायिक आठ फुटांवरचा पट साधारण निम्म्या वेळाच घालतात. दहा फुटांवरून शंभरातले चाळीस. वीस फुटांवरून शंभरातले पंधरा. ही ती माणसं, ज्यांचं पोट यावर चालतं, ज्यांच्या ग्रीन गालिच्यासारख्या असतात. आणि आपल्याकडे बारा वर्षांच्या पोराचा आठ फुटांचा पट हुकला की दोरीपलीकडून बाप कपाळावर हात मारतो. पोरगं ते बघतं. पट हुकल्यावर पोर आधी होलकडे बघत नाही, बापाकडे बघतं. पुढच्या ज्युनिअर स्पर्धेत मुद्दाम लक्ष ठेवा, मी सांगतोय ते दिसेल.

त्याच ब्रॉडींच्या मांडणीतली आणखी एक गोष्ट. चांगला खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्यातल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांतून येतो. म्हणजे ज्या हुकलेल्या पटवरून घरी महाभारत होतं, तो पट बऱ्याचदा आधीच्या वाकड्या आयर्नची वसुली असते. पण आयर्न दीडशे मीटरवरून मारलेला असतो, बापाला नीट दिसत नाही. पट डोळ्यांसमोर हुकतो. शिव्या त्याला.

हँडिकॅपचं गणित तर अजून बोलकं आहे. २०२० पासून जगभर जी पद्धत लागू झाली, तिच्यात शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ धरतात. बाकीच्या १२ बाजूला. लक्षात येतंय का? खेळाची अधिकृत व्यवस्थाच मानते की वीसातले बारा दिवस तुमच्या लायकीपेक्षा वाईट जाणार. घरच्या डायरीत मात्र ते बाराच लाल शाईनं लिहिलेले असतात.

मी काही वर्षं ज्युनिअर स्पर्धांमध्ये स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. कुठला क्लब, कुठली स्पर्धा हे सांगणार नाही, गरज नाही. एकदा सतराव्या होलजवळ माझी ड्यूटी होती. तेरा-एक वर्षांचा मुलगा, छान खेळत होता, त्या होलवर चेंडू झाडीत गेला. प्रोव्हिजनल मारला, झाडीत शिरला, तीन मिनिटं शोधला, सापडला नाही. नियमाप्रमाणे दंड घेऊन खेळला, डबल बोगी. काही बोलला नाही, टोपी नीट केली, अठराव्या टीकडे चालायला लागला. मला वाटलं, वा, काय डोकं आहे पोराचं. संध्याकाळी पार्किंगमध्ये तोच मुलगा दिसला. गाडीचं दार उघडं, सीटवर बसून बूट काढतोय. वडील बाहेर उभे, हातात फोन, आवाज मोठा नाही, पण थांबत नाहीत. "सतराव्यावर ड्रायव्हर का काढला? मी काय सांगितलं होतं? तुझ्यापेक्षा तो अमका तीन शॉटनी पुढे गेला. काय खर्च होतो माहितीये तुला?" पोरगं एका बुटाची लेस सोडवत होतं, ती सुटत नव्हती, आणि ते मान वर करत नव्हतं. आई पुढच्या सीटवर, काचेतून सरळ समोर बघत. घरी पोचायला त्यांना चार तास होते.

आता तुम्ही सांगा, त्या पोराला मेंटल कोच लावून काय होणार? मैदानावर त्याचं मन ठणठणीत होतं. चार तासांच्या त्या गाडीत ते मोडलं जातं, आणि पुढच्या स्पर्धेत पहिल्या टीवर उभा राहतो तेव्हा तो कोर्सला घाबरत नसतो, परतीच्या प्रवासाला घाबरत असतो.

आणि याची किंमत फक्त अश्रूंत मोजू नका. गोल्फमध्ये फटके स्वतःचे स्वतः मोजायचे, दंड स्वतःच स्वतःवर लावायचा. बॉबी जोन्सनं १९२५ च्या यूएस ओपनमध्ये चेंडू हलला म्हणून स्वतःवर एक फटका लावून घेतला. तो हलताना दुसऱ्या कुणी पाहिलाही नव्हता. पुढे प्लेऑफमध्ये तो हरला. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो दे विचेन्सोनं सतराव्यावर तीन मारले, सोबत्यानं कार्डावर चार लिहिले, यानं न बघता सही केली. चारच धरले गेले, आणि एका फटक्यानं प्लेऑफ हुकला. हा खेळ असा आहे. सगळी इमारत खेळाडूच्या शब्दावर उभी आहे. ज्या पोराला घरी एका फटक्याचा हिशेब द्यावा लागतो, त्याला झाडीत उभं असताना बुटाच्या टोकानं चेंडू जरा सरकवायचा मोह होतो. सहाचे पाच सांगायचा मोह होतो. मी हे पाहिलंय, माझ्याबरोबर उभे राहणाऱ्या सगळ्यांनी पाहिलंय, आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. पोरं लबाड नसतात हो. लबाडी त्यांना स्वस्त पडते, एवढी महाग आपण बोगी करून ठेवलीय.

"मग काय, लाड करायचे? चॅम्पियन असे घडतात का?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो.

चॅम्पियन कसे फुटतात ते आधी बघू. अदिती अशोक घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, जागतिक क्रमवारीत दोनशेव्या नंबरची ही मुलगी चौथी आली, पदक एका फटक्यानं गेलं. सगळा देश सकाळी सकाळी गोल्फ बघायला बसला होता, ज्यांना बोगी म्हणजे रेल्वेचा डबा एवढंच ठाऊक होतं तेही. दोन वर्षांनी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये तिसऱ्या दिवशी तिनं ६१ मारले, सात फटक्यांची आघाडी. शेवटच्या दिवशी ७७. सुवर्ण गेलं, रौप्य मिळालं. त्या दिवशी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर काय चाललं होतं आठवतंय? "चोक झाली", "प्रेशर घेता येत नाही". एशियन गेम्समध्ये गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला आहे, हे सांगायला मात्र फार थोडे जण होते.

रोरी मॅकिलरॉय, २०११ ची मास्टर्स. वय २१, शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी, आणि मारले ८०. दोनच महिन्यांनी त्याच पोरानं यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. मास्टर्स जिंकायला मात्र २०२५ उजाडलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात गुणी खेळाडूंपैकी एकाला एका जखमेवरून पुढे जायला चौदा वर्षं लागली, आणि आपल्याला शनिवारी फुटलेलं पोर रविवारपर्यंत दुरुस्त हवं.

कुणी म्हणेल, अदितीचे आईवडील तर तिच्या अगदी जवळच होते. होते ना. रिओला वडील कॅडी, टोकियोला आई कॅडी. पण कॅडी म्हणजे काय ते समजून घ्या. बॅग उचलायची, चेंडू पुसायचा, अंतर सांगायचं, अठरा होल उन्हात सोबत चालायचं. ते काम आहे, आणि नियमांनी त्याला जागा दिलीय. दोरीपलीकडून हातवारे करणं हे काम नाही. खेळाडूनं कॅडीशिवाय दुसऱ्या कुणाला सल्ला विचारला तर दोन फटक्यांचा दंड आहे. तरी छत्री उजवीकडे म्हणजे ड्रायव्हर, डावीकडे म्हणजे आयर्न, असल्या खाणाखुणा ठरवून येणारे महाभाग आपल्याकडे आहेत. हसू नका, खरं आहे.

शिस्त हवीच. उशिरा पोचलं, बॅगेत पंधरावा क्लब सापडला, सोबतच्या खेळाडूशी उद्धट बोललं, क्लब आपटला, तर घरी जरूर बोला, कडक बोला. ते पोराच्या हातात असतं. पट आत जाणं त्याच्या हातात नसतं, योग्य वेळ घेऊन नीट रेषा ठरवून मारणं असतं. एवढा फरक ज्याला कळला त्याला निम्मं क्रीडा मानसशास्त्र कळलं.

उरलेलं निम्मंही फार गूढ नाही. एका फेरीला साडेचार-पाच तास लागतात. नियमांची शिफारस आहे की फटका चाळीस सेकंदांच्या आत मारावा. पंच्याहत्तर फटके धरले तर सगळे मिळून पन्नास मिनिटं होतात. बाकीचे चार तास पोरगं काय करतं? चालतं, थांबतं, आणि विचार करतं. सगळा खेळ तिथे हरला जातो. म्हणून त्या चार तासांची तयारी करून घ्या. फटका झाला की दहा-पंधरा पावलं त्याचा राग किंवा आनंद, मग पाणी, मग आजूबाजूला बघायचं, सोबतच्या मुलाशी दोन शब्द बोलायचे. चेंडूच्या मागे पोचलं की पुन्हा खेळ सुरू. दर वेळी त्याच क्रमानं: मागून रेषा बघायची, एक खोल श्वास, एकच सराव-स्विंग, उभं राहायचं, मारायचं. सातत्य याच क्रमात असतं, स्कोअरमध्ये नसतं. घरी आल्यावर वहीत तीन ओळी, पोरानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या. त्या वाचायच्या नाहीत, बरं का बाबांनो. वही त्याची आहे.

अनिर्बान लाहिरी, ज्याचा जन्म आपल्या पुण्यातला, विपश्यना करतो हे सर्वांना माहीत आहे. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. आता लगेच पोराला इगतपुरीला नेऊन बसवू नका. मुद्दा एवढाच की श्वासाकडे लक्ष द्यायला शिकणं या गोष्टीला पॅकेज, लोगो आणि बारा सेशनची ॲडव्हान्स फी लागत नाही. क्रीडा मानसशास्त्र हे गंभीर शास्त्र आहे, आणि पोराची झोप उडाली, जेवण तुटलं, हात थरथरायला लागले तर प्रशिक्षित माणसाकडे जायलाच हवं, त्यात कमीपणा नाही. पण ओळखायची खूण सांगतो. चांगला मानसतज्ज्ञ आधी आईबापाशी बोलतो. जो पहिल्याच भेटीत "पोरात किलर इन्स्टिंक्ट आणून देतो" म्हणतो, त्याच्याकडून चप्पल घालून निघायचं.

आता क्लबवाल्यांकडे आणि संघटनेकडे वळतो, कारण सगळा दोष आईबापांवर टाकून मोकळं होणं सोपं आहे.

स्पर्धेचं मन स्पर्धेसारखं खेळून तयार होतं. भरपूर खेळून, ज्यात हरलं तरी बिघडत नाही असं. आपल्याकडे ज्युनिअरला हे मिळतं का? शनिवार-रविवारच्या सकाळच्या टी-टाइम मोठ्यांच्या. पोरांना मिळते आठवड्यातली टळटळीत दुपार, तीही शाळा बुडवून. मग वर्षाकाठी ज्या मोजक्या स्पर्धा मिळतात, त्यातली प्रत्येक पोराला बोर्डाच्या परीक्षेसारखी वाटते. प्रवास, हॉटेल, फी, प्रॅक्टिस राउंड, सगळा पैसा त्या तीन दिवसांवर लागलेला. दडपण येणार नाही तर काय होणार? आईबापांचं डोकंही तिथेच फिरतं. मला त्यांची कीव येते, खोटं बोलत नाही.

आणि ज्यांच्याकडे तेवढाही पैसा नाही त्यांचं काय? अली शेर दिल्लीत कॅडी होते, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील रॉयल कलकत्ताच्या हिरवळीची निगा राखायचे. पोरगं तिथेच बघून बघून शिकलं, आणि २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकलं. या कथा आपण भाषणात वापरतो, "बघा, गरिबीतून भूक येते" वगैरे. भूक नव्हे हो, त्यांना कोर्स मिळाला. रोज, पहाटे, जवळून. आपल्या शहरांतल्या कोर्सवर जे कॅडी दादा आज बॅगा उचलतात, त्यांची पोरं आत किती वेळा खेळतात? ज्या वस्त्या कुंपणाला लागून आहेत तिथल्या किती मुलामुलींनी ग्रीनवर पाय ठेवलाय? पुण्याचा उदयन माने टोकियोला खेळला याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण पुढचा उदयन फक्त सदस्यांच्या पोरांतून शोधणार असू तर शोध फार छोटा आहे.

सिडकोनं खारघरच्या दरीत गोल्फ कोर्स बांधला, तो सार्वजनिक संस्थेचा आहे. देशातले कितीतरी जुने कोर्स सरकारी किंवा लष्करी जमिनीवर आहेत. जमीन लोकांची, तर आठवड्यातली एक सकाळ लोकांच्या पोरांची का नसावी? जुने क्लब, उसने शूज, नऊ होल, स्कोअरकार्ड नाही, क्रमवारी नाही. सदस्यांची एक सकाळ कमी होईल. जगबुडी होणार नाही.

संघटनेला माझी मागणी साधी आहे, आणि ती लेखी देणार आहे. चौदा वर्षांखालच्या स्पर्धांत प्रेक्षक पालकांसाठी फेअरवेपासून ठरावीक अंतर, आणि खाणाखुणा केल्यास आधी ताकीद, मग कोर्सबाहेर. दहा-बारा वर्षांच्या मुलांचे स्कोअर दर तीन होलला फोनवर लाइव्ह टाकणं बंद. वर्षात काही स्पर्धा नऊ होलच्या, जोडीनं खेळायच्या, क्रमवारीच्या गुणांशिवाय. आणि कॅडींच्या व कोर्सवरच्या कामगारांच्या मुलांना प्रवेश फी माफ.

ज्यांना पत्रावर सही करायची आहे त्यांनी नाव आणि गाव कमेंटमध्ये लिहा, पालक असाल तर तसं नमूद करा. रविवारी रात्रीपर्यंत थांबतो, सोमवारी पाठवतो. त्या तीन पालकांपैकी एका ताईंनी सही आधीच दिलीय. त्यांनी परवा विचारलं, "मग गाडीत बोलायचं तरी काय?" मी म्हटलं, भूक लागली का विचारा, आणि गाणी त्याला लावू द्या.